घर हलवताना ट्रेलला किती वजन द्यावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, डॅलसजवळ राहणारे एक दांपत्य आहे. दोघांचेही काम घरून चालते, आणि आठ वर्षांची मुलगी नुकतीच लहान डर्ट बाइकवर बसू लागली आहे. गॅरेजमध्ये कच्च्या वाटांसाठीची, प्लेट नसलेली एक ३०० सीसी टू-स्ट्रोक एन्ड्युरो बाइक आणि रस्ता व कच्ची वाट दोन्हींवर चालणारी, नंबर प्लेट असलेली एक ड्युअल-स्पोर्ट बाइक आहे. पुढच्या वर्षी बिऱ्हाड हलवायचे आहे, आणि यादीत आयडाहोतील बॉइसी, कोलोरॅडोतील डेन्व्हरची पश्चिम उपनगरे व ॲरिझोनातील फिनिक्स अशी तीन नावे आहेत. या निर्णयात ट्रेलच्या, म्हणजे बाइक चालवायच्या कच्च्या वाटांच्या, उपलब्धतेला किती वजन द्यावे आणि ती तपासायची कशी, असे त्यांनी विचारले आहे. ट्रेल दुरुस्त करणाऱ्या क्लबांबरोबर मी बरीच वर्षे काम करत आलो आहे, आणि सरकारी जमिनींवरील वाहतूक-आराखड्यांवर (कोणती वाट कोणत्या वाहनाला खुली हे त्यांत ठरते) हरकती व सूचना लिहिण्यात माझे अनेक हिवाळे गेले आहेत. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो. शाळा, दवाखाना आणि घराची किंमत हे तीन मुद्दे मार्गी लागल्याखेरीज ट्रेलचा विचार करू नये. मात्र ते दोन-तीन ठिकाणी सारखेच मार्गी लागत असतील, तर चौथा मुद्दा म्हणून ट्रेलला निःसंकोच निर्णायक मानावे. त्यात चैन वगैरे काही नाही. घरून काम करणाऱ्याचा दिवस खुर्चीत जातो, आणि आठवड्यातून दोनदा बाइक बाहेर निघणे व वर्षातून दोनदा निघणे यांत प्रकृतीपासून घरातल्या वातावरणापर्यंत सगळ्यात फरक पडतो. अट इतकीच की मोजमाप योग्य गोष्टीचे व्हावे. बहुतेक लोक नकाशावरचे एकूण मैल मोजतात, नाहीतर व्हिडिओत पाहिलेल्या जागांची नावे मोजतात. मी तीन गोष्टी विचारतो. एखाद्या साध्या बुधवारी काम संपल्यावर घरून निघून, उजेड असेपर्यंत, कायद्याने खुल्या असलेल्या ट्रेलवर दीड-दोन तास चालवून परत येता येते का? असे वर्षातले किती महिने करता येते? आणि दहा वर्षांनंतरही ते करता येईल, याला आधार कशाचा आहे? अंतर, हंगाम आणि हक्क यांचा हा गुणाकार आहे. तिघांपैकी एक जरी शून्य असला तरी उत्तर शून्यच येते.

अंतराबद्दल फार लिहायला नको. ऑफ-रोड ट्रेलसाठी जगप्रसिद्ध असलेले युटातील मोआब डेन्व्हरहून साधारण साडेतीनशे मैलांवर आहे, तरीही "डेन्व्हरला गेलो की मोआब जवळ" असे म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. साडेतीनशे मैल म्हणजे सुट्टी झाली, शेजार नव्हे. बाइक पिकअपवर चढवणे, पट्टे आवळणे, बूट-हेल्मेट-पाणी-हत्यारे गोळा करणे आणि परत आल्यावर चिखल धुणे यांतच एक तास जातो. एका बाजूचा प्रवास पाऊण तासाच्या वर गेला की कामाच्या दिवसांतली फेरी हळूहळू बंद पडते आणि फक्त शनिवार उरतो, आणि दीड तासाच्या वर गेला की महिन्याला एखादाच शनिवार उरतो, असे मी अनेक उत्साही लोकांच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून घराजवळच्या साध्या, नाव नसलेल्या चाळीस मैलांना मी दूरच्या प्रसिद्ध चारशे मैलांपेक्षा अधिक गुण देतो.

हक्काचा मुद्दा मात्र सविस्तर मांडायला हवा, कारण लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच. तुम्ही सध्या टेक्सासमध्ये आहात, म्हणून जमिनीच्या मालकीचे महत्त्व तुम्हाला वेगळे सांगायला नको. त्या राज्यात संघराज्य सरकारची जमीन दोन टक्क्यांच्या आत आहे, आणि सॅम ह्यूस्टन राष्ट्रीय वनातील ट्रेलसारखे थोडके अपवाद सोडले तर पैसे भरून खासगी पार्कात जाण्याला पर्याय नसतो. याउलट आयडाहोत सुमारे ६२ टक्के, कोलोरॅडोत सुमारे ३६ टक्के आणि नेव्हाडात तर ८० टक्के जमीन संघराज्य सरकारची आहे. ॲरिझोना आणि युटाही याच गटात मोडतात. हे आकडे पाहून माणूस हुरळतो. पण सरकारी जमीन म्हणजे खुला ट्रेल असे समीकरण नाही. राष्ट्रीय उद्यानांत ऑफ-रोड बाइकला जवळजवळ कुठेच जागा नसते. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली आलेल्या क्षेत्रांत इंजिनच काय, सायकलही चालत नाही. उरतात ती मुख्यतः दोन खात्यांची जमीन: फॉरेस्ट सर्व्हिसची राष्ट्रीय वने आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे बीएलएमची, माळराने व वाळवंटे.

या दोन्ही खात्यांच्या धोरणाचे मूळ १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काढलेल्या ११६४४ क्रमांकाच्या कार्यकारी आदेशात आहे. ऑफ-रोड वाहने कुठे चालतील आणि कुठे नाही हे खात्यांनी ठरवून द्यावे, आणि ठरवताना जमीन, वन्यजीव व इतर लोकांशी होणारा संघर्ष कमीत कमी राहील असे पाहावे, हा त्याचा गाभा. पुढची तीस वर्षे ठरवणे रेंगाळत राहिले, आणि २००५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने ट्रॅव्हल मॅनेजमेंट नियम आणून चित्र पालटले. तोवर अनेक वनांत "बंद अशी पाटी नाही म्हणजे खुले" असा व्यवहार होता. त्यानंतर "नकाशावर खुले दाखवलेले नाही म्हणजे बंद" असा झाला. जंगलात एखादी वाट चाकांनी गुळगुळीत झालेली दिसते, सगळे तिथूनच जातात, पाटी कुठेच नाही, तरीही ती नकाशावर नसेल तर तिथे बाइक नेणे हा गुन्हा आहे, आणि "मला माहीत नव्हते" हे उत्तर दंडाच्या पावतीवर चालत नाही. बीएलएमची पद्धत थोडी वेगळी आहे: तिथे प्रत्येक क्षेत्र खुले, मर्यादित किंवा बंद अशा तीन वर्गांत मोडते. मर्यादित म्हणजे सहसा ठरवून दिलेल्या वाटांपुरतेच. कुठूनही जा, अशी खरी मोकळीक फक्त खुल्या वर्गात, आणि अशी क्षेत्रे मोजकीच आहेत.

तेव्हा घर पाहण्याआधी त्या त्या वनाचा मोटर व्हेइकल यूज मॅप, म्हणजे मोटर वाहनांना खुल्या वाटांचा सरकारी नकाशा, उतरवून घ्या. तो फुकट मिळतो. पहिल्या दर्शनी तो निराश करतो: काळी-पांढरी छपाई, उंचीच्या रेषा नाहीत, गावांची नावे तुरळक, आणि कडेला बारीक अक्षरांतली कोष्टके. पण हाच कागद कायद्याने चालतो, रंगीत ॲप नव्हे. त्यातल्या रेषांचे प्रकार नीट पाहा. काही रस्ते फक्त नंबर प्लेट असलेल्या, महामार्गावर चालण्यास पात्र वाहनांसाठी असतात. काही सर्व वाहनांसाठी असतात. ट्रेलमध्येही सर्व वाहनांचे, पन्नास इंचांपर्यंत रुंद वाहनांचे आणि फक्त मोटरसायकलींचे असे प्रकार असतात. तुमच्यासारख्याने शेवटच्या प्रकारचे मैल वेगळे मोजावेत, कारण खरा सिंगल ट्रॅक, म्हणजे एका बाइकपुरती अरुंद वाट, तोच. पन्नास इंची ट्रेलवर चारचाकी एटीव्ही फिरतात आणि काही वर्षांत त्याचा रस्ता होतो. नंतर कोष्टकाकडे वळा. त्यात प्रत्येक क्रमांकापुढे वाहनाचा वर्ग आणि खुले राहण्याच्या तारखा असतात. नकाशावर ठसठशीत दिसणारा ट्रेल कोष्टकात फक्त जुलै ते सप्टेंबर खुला निघाला, असे कोलोरॅडोच्या उंच भागात सर्रास होते.

आता एक बारकावा, ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. वाहनतळापासून ट्रेलच्या तोंडापर्यंत बोट फिरवत जा. मधले तीन मैल "फक्त महामार्ग-पात्र" वर्गाचे असतील, तर तुमची प्लेट नसलेली ३०० सीसी बाइक त्या तीन मैलांवर बेकायदा ठरते. ड्युअल-स्पोर्ट मात्र आरामात जाईल. ट्रेल जोडणारे मैल-मैलाचे रस्ते या वर्गात असले की कागदावरची साठ मैलांची फेरी प्रत्यक्षात वीस-वीस मैलांचे तीन तुकडे होऊन बसते. मी एखाद्या जागेचा अंदाज घेतो तेव्हा पेन्सिलीने फक्त सलग फेऱ्या गिरवतो आणि त्यांचीच बेरीज करतो. बहुतेक वेळा जाहिरातीतल्या आकड्याच्या निम्मेही मैल हाती लागत नाहीत.

यानंतर येतो टिकाऊपणा. ट्रेल आज खुला आहे एवढे पुरेसे नाही. तो कोणत्या कागदाच्या जोरावर खुला आहे हे विचारले पाहिजे. सर्वांत भक्कम आधार काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कायद्याचा. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील जॉन्सन व्हॅलीचे उदाहरण घ्या. २०१३ च्या अखेरीस मंजूर झालेल्या संरक्षण विधेयकाने तिचा मोठा भाग शेजारच्या मरीन सैनिकांच्या तळाला दिला आणि बाइकवाल्यांच्या हातून एका झटक्यात गेला. पुढे मार्च २०१९ मध्ये मंजूर झालेल्या डिंगेल कायद्याने उरलेली जॉन्सन व्हॅली, स्टॉडर्ड व्हॅली, स्पँगलर हिल्स, एल मिराज, रेझर आणि डुमाँट ड्यून्स ही क्षेत्रे ऑफ-हायवे वाहनांसाठी कायमची राखून ठेवली. आता ती बंद करायची तर पुन्हा काँग्रेसलाच कायदा करावा लागेल. त्याखालोखाल आधार खात्याच्या पूर्ण झालेल्या वाहतूक-आराखड्याचा, ज्यात पर्यावरणीय अभ्यास होऊन निर्णयावर सही झाली आहे. तोही अढळ नाही. मोआबजवळच्या लॅबिरिन्थ-जेमिनी ब्रिजेस भागात बीएलएमने सप्टेंबर २०२३ मध्ये नवा आराखडा काढून अकराशेहून अधिक मैलांपैकी ३१७ मैल मोटर वाहनांना बंद केले. जगप्रसिद्ध जागेचे हे झाले. किंबहुना प्रसिद्ध असल्यामुळेच तिथे गर्दी, वाद आणि कोर्टकज्जे अधिक.

आराखडा अजून झालेलाच नाही अशा भागाजवळ घर घेणे हा जुगार आहे. तिथे आज जेवढे मैल दिसतात तेवढे आराखड्यानंतर क्वचितच राहतात. युटामध्ये आणखी एक गुंता आहे: १८६६ च्या खाण कायद्यातील एका कलमाच्या आधारे राज्य आणि काउंट्यांनी बारा हजारांहून अधिक जुन्या वाटांवर सार्वजनिक रस्त्याचा हक्क सांगितला आहे. ते कलम १९७६ मध्ये रद्द झाले. त्याआधीचे हक्क मात्र शाबूत राहिले, आणि त्यांवरचे खटले वर्षानुवर्षे चालू आहेत. खटल्यात अडकलेल्या वाटेच्या भरवशावर तीस वर्षांचे कर्ज काढू नये.

राज्याच्या ट्रस्ट जमिनीबद्दल विशेष सावध राहा, कारण तुमच्या यादीत फिनिक्स आहे. ॲरिझोनात राज्याकडे नव्वद लाख एकरांहून अधिक ट्रस्ट जमीन आहे, आणि तिचा घटनात्मक हेतू शाळांसाठी उत्पन्न मिळवणे हा आहे, करमणूक नव्हे. परवाना काढून तिथे जाता येते. पण शहर वाढत त्या कडेला पोहोचले की ती जमीन लिलावात निघू शकते, आणि एके काळच्या ट्रेलवर टाउनहाऊस उभी राहतात. घराच्या मागे मोकळे वाळवंट आहे असे एजंट सांगतो तेव्हा ते वाळवंट कोणाचे, हा पहिला प्रश्न असावा. काउंटीच्या संकेतस्थळावर जमिनीच्या तुकड्यांचे नकाशे असतात. दहा मिनिटांत उत्तर मिळते.

खासगी जमिनीवरचा प्रवेश नेहमीच कच्चा असतो असेही नाही. वेस्ट व्हर्जिनियातील हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल २००० साली सुरू झाले आणि आज हजार मैलांच्या वर गेले आहेत. ते बहुतांशी कोळसा व लाकूड कंपन्यांच्या जमिनीवर आहेत, पण राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले प्राधिकरण मालकांशी करार करते, विमा पाहते आणि परवान्याच्या पैशातून देखभाल करते. मिशिगननेही परवान्यांच्या पैशावर साडेतीन हजार मैलांहून मोठे जाळे उभे केले आहे. तुमच्या यादीत ही राज्ये नाहीत, म्हणून तपशिलात जात नाही. पण पश्चिमेखेरीज काही नाही हा समज खोटा आहे एवढे नमूद करतो.

देखभालीवरून आठवले. कागदावर खुला असलेला ट्रेल ओंडक्यांनी अडलेला असेल तर तो खुला असून नसल्यासारखा. भुंग्यांनी मारलेल्या किंवा वणव्यात जळालेल्या पाइनच्या जंगलात प्रत्येक वादळानंतर झाडे आडवी होतात, आणि ती कापणारे हात खात्याकडे फारसे उरलेले नाहीत. ते काम ऑफ-रोड वाहनांना लागणाऱ्या राज्याच्या नोंदणी-स्टिकरच्या पैशातून चालणारी पथके आणि क्लबांचे स्वयंसेवक करतात. रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्राम या संघराज्याच्या योजनेत इंधनकरातून येणाऱ्या पैशाचा किमान ३० टक्के वाटा मोटर वाहनांच्या ट्रेलसाठी राखलेला असतो, पण त्यासाठी अर्ज करणारे कोणीतरी लागते. म्हणून एखाद्या गावातील ट्रेलचे भवितव्य जोखायचे असेल तर मी आधी तिथल्या क्लबचे काम पाहतो. गेल्या हंगामात त्यांनी कोणत्या ट्रेलवर करवत चालवली, हे त्यांना लगेच सांगता आले पाहिजे. नुसते टी-शर्ट विकणारा क्लब काही कामाचा नाही.

हंगामाचा विचार तुमच्या तीन शहरांच्या संदर्भातच करू. फिनिक्सला ऑक्टोबर ते एप्रिल स्वर्ग आहे. उत्तरेला टेबल मेसा, पूर्वेला टोंटो राष्ट्रीय वनातील वाळवंट, आणि दोन्हीकडे पाऊण-एक तासात पोहोचता येते. जूनपासून पारा ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, आणि मग दोन तास वर चढून मोगोयॉन रिमच्या पाइन जंगलांत जावे लागते. तिथे उन्हाळ्यात वणव्यांची टांगती तलवार असते: २०२१ च्या जूनमध्ये कोकोनिनो, कायबाब आणि अपाचे-सिटग्रेव्ह्ज ही राष्ट्रीय वने लोकांना पूर्ण बंद करण्यात आली होती. हिवाळ्यातही एक अडचण आहे, जी बाहेरच्यांना माहीत नसते. मॅरिकोपा काउंटीच्या प्रदूषित पट्ट्यात हवेतील धुळीचा उच्च इशारा जाहीर झाला की त्या दिवशी कच्च्या जमिनीवर ऑफ-हायवे वाहन चालवायला मनाई असते. शिवाय तिथल्या मातीतील बुरशीमुळे होणारा व्हॅली फीव्हर हा फुफ्फुसाचा आजार आहे. तुमच्यापैकी कोणाला दमा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर धुळीत एकामागोमाग एक चालवण्याआधी डॉक्टरांशी बोला.

डेन्व्हरचे गणित उंचीने ठरते. पश्चिम उपनगरांतून सेडेलियाजवळचे रॅम्पार्ट रेंज तासाभरात गाठता येते, आणि शंभरावर मैलांचे ट्रेल तिथे आहेत. हिवाळ्यात ते बंद असते, आणि शनिवारी गर्दी विचारू नका. ज्या फोटोंमुळे लोक कोलोरॅडोला भुलतात ते अकरा-बारा हजार फुटांवरचे ट्रेल जूनअखेरीपर्यंत, कधी जुलैपर्यंत, बर्फाखाली असतात, आणि सप्टेंबरअखेर पुन्हा पांढरे होऊ लागतात. मधल्या महिन्यांत दुपारी विजा कडाडतात, त्यामुळे पहाटे निघून एकच्या आत झाडांच्या रेषेखाली यावे लागते. कोलोरॅडोतीलच गनिसनच्या सखल भागात लवकर बर्फ वितळते खरे, पण सेज-ग्राउस पक्ष्याच्या विणीसाठी अनेक वाटा मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत बंद असतात. दरम्यान तुमच्या टू-स्ट्रोकला उंची बाधेल. साधे इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के शक्ती गमावते. डॅलसहून दहा हजार फुटांवर गेलात की जवळजवळ तीस टक्के गेली. कार्ब्युरेटर असेल तर त्यातले पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे जेट बदलावे लागतील, नाहीतर मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन प्लग काळा पडेल. फ्युएल इंजेक्शन मिश्रण सांभाळते, गेलेली शक्ती परत आणत नाही.

बॉइसी २,७०० फुटांवर आहे आणि दोन वेगळ्या प्रदेशांच्या सीमेवर वसली आहे. दक्षिणेला ओवायही फ्रंट हा बीएलएमचा सखल, कोरडा भाग वसंतात आणि शरदात उत्तम असतो. हेमिंग्वे ब्यूट पाऊण तासावर आहे. उन्हाळ्यात तो भाग तापतो तेव्हा उत्तरेची आणि पूर्वेची बॉइसी राष्ट्रीय वनातील डोंगराळ वाट धरता येते. डॅन्स्किन डोंगरातले ट्रेल दोन्हींच्या मधल्या हवामानाचे आहेत. एकाच घरातून दोन हंगाम साधतात, हा या शहराचा मोठा गुण. उणी बाजू म्हणजे ऑगस्टमधला वणव्यांचा धूर. काही वर्षी तो तीन-चार आठवडे शहरावर बसून राहतो, आणि मग बाइक काय, खिडक्याही उघडता येत नाहीत. हिवाळ्यात ओवायहीची माती ओली असताना तिथे जाऊ नये: चाकांनी पडलेल्या चऱ्या उन्हाळाभर तशाच राहतात आणि बंदीची मागणी करणाऱ्यांना फुकटचा पुरावा मिळतो.

बाइकची कागदपत्रे राज्यागणिक बदलतात. काही राज्ये आरसे, दिवे आणि हॉर्न बसवून डर्ट बाइकला रस्त्याची प्लेट देतात. काही देत नाहीत. ज्या राज्यात ती मिळते तिथे मघाचे जोडरस्त्यांचे कोडे सुटते, म्हणून हा नियम घर ठरवण्याआधी वाचा. कॅलिफोर्निया यादीत नाही हे बरेच आहे. २०२२ किंवा नंतरच्या मॉडेलची, उत्सर्जन-प्रमाणपत्र नसलेली स्पर्धेची बाइक तिथे सार्वजनिक ट्रेलवर नोंदताच येत नाही. कुठेही गेलात तरी स्पार्क अरेस्टर, म्हणजे धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्या अडवणारा भाग, लागेलच. आवाजासाठी कॅलिफोर्नियाची ९६ डेसिबलची मर्यादा, धुराच्या नळीपासून वीस इंचांवर मोजलेली, आपली आपणच पाळावी. ट्रेल बंद करण्याच्या मागण्यांत धुरापेक्षा आवाजाची तक्रार जास्त असते. मुलीसाठी एक लक्षात ठेवा: आयडाहोत वाहन परवाना नसलेल्या मुलांना सरकारी वनरस्त्यांवर चालवायचे असेल तर सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि तो फुकट आहे. आठ वर्षांच्या मुलीला शंभर मैलांचे जाळे नको असते. सपाट वाहनतळ, त्याला लागून दोन-तीन मैलांची सोपी फेरी आणि सावली असली की पुरे. ज्या जागी ती रमते तिथे तुम्ही तिघेही जाल. जिथे ती रडते तिथे तुम्ही एकटे जाल, आणि मग फारसे जाणार नाही.

घराबद्दल दोनच गोष्टी. गृहसंस्थेचे नियम सही करण्याआधी पूर्ण वाचा, कारण ट्रेलर दारात उभा करणे, गॅरेजबाहेर इंजिन सुरू करणे यांवर बंदी सर्रास असते. दुसरे, ट्रेलच्या अगदी तोंडाशी घर घेऊ नका. धूळ आणि शनिवारची गर्दी तुमच्या दारात येते, आणि शेजाऱ्याने तक्रार केली की पहिले नाव तुमचे निघते. वीस ते चाळीस मिनिटांवरचे घर मला सर्वांत योग्य वाटते.

तिघांत निवड करायची तर माझे मत बॉइसीकडे झुकते, कारण बुधवारची संध्याकाळ तिथे सर्वांत जास्त महिने हाती लागते आणि जवळचे ट्रेल बहुतांशी संघराज्याच्या जमिनीवर आहेत. धूर सोसणार नसेल किंवा कोणाला दमा असेल तर हे मत रद्द समजा. हिवाळ्यात चालवणे ज्याला प्रिय, आणि उन्हाळ्यात तीन महिने बाइक झाकून ठेवायला जो तयार आहे, त्याच्यासाठी फिनिक्स सरस. डेन्व्हरला मी तिसरा क्रमांक देतो; तिथे डोंगर आहेत, पण ते आणि तुम्ही यांच्यामध्ये आय-७० महामार्गावरची शनिवारची कोंडी आहे. तुमच्या कामासाठी किंवा शाळेसाठी डेन्व्हर फार पुढे असेल तर ट्रेलसाठी ते सोडू नका, फक्त घर शहराच्या नैर्ऋत्येला पाहा.

पाहणीला जाताना मात्र प्रत्येक ठिकाणचा वाईट महिना निवडा. दुरून डोंगर साजरे दिसतातच; म्हणून फिनिक्स जुलैत पाहा, डेन्व्हर एप्रिलअखेरीस, बॉइसी ऑगस्टमध्ये. कामाच्या दिवशी सायंकाळी साडेपाचला ट्रेलच्या वाहनतळावर जा आणि किती पिकअप उभ्या आहेत ते पाहा. वनाच्या किंवा बीएलएमच्या स्थानिक कार्यालयात मनोरंजन विभागाच्या अधिकाऱ्याला भेटून तीन प्रश्न विचारा: गेल्या पाच वर्षांत कोणते ट्रेल बंद झाले आणि का, झाडे कोण कापते, सध्या कोणता वाहतूक-आराखडा चर्चेत आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरबसल्याही मिळते. प्रत्येक राष्ट्रीय वन दर तिमाहीला आपल्या प्रस्तावित कामांची यादी प्रसिद्ध करते, आणि बीएलएमचे प्रस्ताव त्याच्या ई-प्लॅनिंग संकेतस्थळावर असतात. डॅलसचे घर लगेच विकू नका. वर्षभर भाड्याने राहा, आणि करार शाळा सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टमध्ये, सुरू करा. बॉइसी निवडलीत तर धूर पहिल्याच महिन्यात अनुभवाला येईल, ओवायहीचा शरद लगेच मागोमाग येईल, आणि करार संपण्याआधी डोंगरातला जूनही पाहून होईल.